उजेडाचा ताळेबंद

१९९१ हे साल आम्हा बँकेतल्या माणसांच्या मनात कोरलेले आहे. देशाचे सोने गहाण पडले ते याच वर्षी, आणि बँकांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीने आपला अहवाल सरकारला दिला तोही याच वर्षीच्या नोव्हेंबरात. शाखेत खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला त्या अहवालाचा कळलेला अर्थ साधा होता. हप्ता येत नसताना कागदावर व्याज जमा दाखवायचे आणि खाते धडधाकट असल्याचा देखावा करायचा, हे यापुढे चालणार नव्हते. मार्च १९९३च्या ताळेबंदात चार तिमाह्या थकलेले खाते आजारी ठरले. ती मुदत कमी कमी होत २००४ साली नव्वद दिवसांवर आली. कर्जाचा आजार जुनाच होता. तो किती लवकर ओळखायचा, एवढाच खरा वाद होता.

त्याच नोव्हेंबरच्या २२ तारखेला अमेरिकेतल्या ‘सायन्स’ या साप्ताहिकात चार पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता प्रकाशाच्या साहाय्याने शरीराच्या आतल्या थरांचे चित्र काढण्याचा. डेव्हिड ह्वांग नावाचा एक विद्यार्थी, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले त्याचे मार्गदर्शक जेम्स फुजिमोतो, उपग्रहांमधल्या प्रकाश-संदेशवहनावर काम करणारे अभियंता एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या जोडीला डोळ्यांचे काही डॉक्टर, अशी ती मंडळी होती. निबंधात देहाबाहेर काढलेल्या मानवी डोळ्याच्या पडद्याचे आणि हृदयाच्या एका रक्तवाहिनीचे चित्र होते. पद्धतीला त्यांनी ‘ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी’ असे नाव दिले. आज नेत्र रुग्णालयाच्या खिडकीपाशी ‘पडद्याचा ओसीटी काढून या’ असे सांगतात, ते ओसीटी हेच. मधुमेही माणसाच्या घरात हा शब्द आता ‘शुगर’इतकाच रुळू लागला आहे.

या तंत्राची गेल्या तीन दशकांतली वाटचाल विलक्षण आहे. ह्वांग, फुजिमोतो आणि स्वॉन्सन या तिघांना २०२३ साली वैद्यकातला अत्यंत मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. परंतु या लेखाचा हेतू गौरवाचा नाही. आजार ओळखण्याची मुदत विज्ञानाने अलीकडे ओढून आणली आहे. आपली व्यवस्था मात्र अजून चार तिमाह्या थकण्याची वाट पाहत बसली आहे. मला बोलायचे आहे ते याविषयी.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. पोटाची सोनोग्राफी बहुतेकांनी पाहिलेली असते. आवाज आत सोडायचा, प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो ते मोजायचे आणि त्यावरून खोली काढायची. आवाज शरीरातून सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, त्यामुळे त्याची वेळ मोजता येते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, जेमतेम पाव मिलिमीटर जाड. त्यातले थर तर काही मायक्रॉनचे, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉन अंतर कापायला प्रकाशाला लागणारा वेळ सांगायचा, तर एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग करून त्यातले तेहतीस घ्यावे लागतील. इतका वेळ मोजणारे घड्याळ नाही.

जी गोष्ट थेट मोजता येत नाही, ती माहीत असलेल्या गोष्टीशी ताडून पाहायची, ही युक्ती बँकवाल्यांना चांगली ठाऊक आहे. एका शाखेने दुसऱ्या शाखेवर टाकलेली रक्कम तिथे पोहोचली की नाही, हे पाहायला कोणी त्या कागदामागे धावत नसे. दोन्हीकडच्या नोंदी समोरासमोर ठेवून जुळणी करायची. ओसीटी तेच करते. एकाच प्रकाशकिरणाचे दोन भाग करायचे. एक भाग डोळ्यात पाठवायचा, दुसरा ठरावीक अंतरावरच्या आरशाकडे. दोन्ही परत आले की त्यांची गाठ घालायची. दोघांनी कापलेले अंतर सारखे असेल तरच त्यांच्या लहरी जुळून खूण उमटते. आरसा कुठे आहे हे आपल्याला माहीतच असते; म्हणजे डोळ्यातला तो किरण किती खोलवरून परतला तेही कळले. अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेलसन यांनी एकोणिसाव्या शतकात विश्वातला ‘ईथर’ शोधण्यासाठी जे उपकरण बनवले, त्याचाच हा वंशज. ईथर काही सापडला नाही, पण उपकरण कामाचे ठरले.

यात एक गंमत आहे. लेसरसारखा शिस्तीचा, एकाच सुराचा प्रकाश इथे उपयोगी पडत नाही. जुन्या खतावणीत बरोबर हजार रुपयांच्या शंभर नोंदी असल्या, तर कुठली कुठलीशी जुळते ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. एक हजार सदतीस रुपये पंचावन्न पैसे अशी नोंद असली की तिचा जोडीदार एकच. शिस्तीच्या प्रकाशाच्या लहरी कुठेही जुळतात. अनेक रंगलहरींचे मिश्रण असलेला प्रकाश फक्त नेमक्या एका जागी जुळतो. त्या मिश्रणामुळेच हे यंत्र काही मायक्रॉनचा फरक ओळखते.

व्हिएन्नाचे अडोल्फ फेर्चर १९८०च्या दशकापासून याच तत्त्वाने डोळ्याची लांबी मोजत होते. जिवंत माणसाच्या पडद्याची चित्रे १९९३ साली मिळाली आणि १९९६ साली पहिले यंत्र बाजारात आले. सुरुवातीची यंत्रे आरसा पुढेमागे सरकवत मोजमाप करीत. २००२च्या सुमाराचे यंत्र सेकंदाला चारशे रेषा वाचत असे. डोळा तर क्षणभर स्थिर राहत नाही, त्यामुळे चित्र हलायचे. २००३ साली वेगवेगळ्या संशोधकांनी दाखवून दिले, की परतलेला प्रकाश रंगारंगांत फोडून वाचला तर आरसा हलवण्याची गरजच उरत नाही. सगळ्या खोलींचा हिशेब एकदम मिळतो. त्यानंतर वेग हजारांच्या घरात गेला आणि आज लाखाच्या. पुढची पायरी आणखी सुंदर आहे. त्याच जागेची चित्रे लागोपाठ घ्यायची आणि दोन चित्रांत काय बदलले तेवढेच ठेवायचे. स्थिर पेशी गळून पडतात. उरतात त्या वाहत्या रक्ताच्या वाटा. पूर्वी पडद्यावरच्या केशवाहिन्या पाहायला दंडातून रंगद्रव्य टोचावे लागे. आता अनेकदा सुईवाचून भागते.

याचा रुग्णाला झालेला लाभ एका उदाहरणाने सांगतो. पडद्यावर सूज येऊन दृष्टी जाण्याच्या आजारावर डोळ्यात द्यायची महागडी इंजेक्शने निघाली. त्याच सुमारास, २००५ साली, मायामीचे डॉक्टर फिलिप रोझेनफेल्ड यांनी आतड्याच्या कर्करोगावरचे बेव्हॅसिझुमॅब हे औषध अगदी थोड्या मात्रेत डोळ्यात देऊन पाहिले. सूज ओसरल्याचे ओसीटीच्या चित्रात दिसले. कर्करोगाच्या एका कुपीतून डोळ्यांसाठी कितीतरी मात्रा निघत असल्याने खर्च एकदम खाली आला. अमेरिकेत सरकारी पैशावर झालेल्या मोठ्या चाचणीने २०११ साली सांगितले, की दृष्टी टिकवण्यात स्वस्त औषध महागड्याच्या तोडीचे आहे. भारतात हे स्वस्त औषध हजारो डोळ्यांना मिळाले, त्यामागे या चित्राची साक्ष आहे.

आता आपल्याकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत. २०२२ सालच्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेह्यांपैकी साडेबारा टक्क्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम आढळले, आणि चार टक्क्यांच्या बाबतीत ते दृष्टीला धोका ठरतील इतके पुढे गेलेले होते. या आजाराचा आणि काचबिंदूचा स्वभाव एकसारखा आहे. दोघेही सुरुवातीला काही बोलत नाहीत. दुखत नाही, खुपत नाही, समोरचे अक्षर स्पष्ट दिसते. ज्याला काहीच जाणवत नाही, त्याला या यंत्राचा सर्वांत जास्त उपयोग. आणि काही जाणवत नसताना डॉक्टरकडे जायचे, ही चैन आपल्याकडे किती जणांना परवडते?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. तिथे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक पेन्शन घ्यायला येत. मोत्यासारखे अक्षर. एका वर्षी त्यांची सही नमुना सहीशी जुळेनाशी झाली. आधी ओळ सोडून खाली उतरली, मग शेवटचे अक्षर चौकटीबाहेर गेले. गुरुजी म्हणायचे, हात कापतो हल्ली. नियमाप्रमाणे दोन मार्ग होते: नव्याने नमुना सही, नाहीतर अंगठा. आयुष्यभर पोरांना अक्षर शिकवलेल्या माणसाने अंगठ्याला शाई लावून घेताना मान वळवली होती. जिल्ह्याच्या गावी तपासणी झाली तेव्हा काचबिंदू निघाला. हात ठीक होता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही; उरलेली राखायची एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. त्या काळात हे यंत्र जगातच नव्हते, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा नाही. आज यंत्र आहे. तरीही एखाद्या गावात माणसाची नजर चालल्याचे पहिल्यांदा बँकेच्या कॅशियरच्या लक्षात येत असेल, तर त्याचा जाब कोणाला तरी द्यावा लागेल.

जाब मागायचा तर नेमके काय मागायचे? माझ्या मते ओसीटीचे सारे सामर्थ्य जुळणीत आहे, आणि ही जुळणी तीन पातळ्यांवर होते. पहिली, डोळ्यातल्या किरणाची आरशाशी. ती शास्त्रज्ञांनी साधली. उरलेल्या दोन आपल्या आहेत.

दुसरी जुळणी ‘नॉर्मल’शी. मी स्वतः मधुमेही असल्याने वर्षाकाठी त्या यंत्रापुढे हनुवटी टेकून बसतो. हातात पडणाऱ्या कागदावर हिरवे, पिवळे आणि लाल रंग असतात. हिरवे म्हणजे ठीक, लाल म्हणजे पडदा किंवा नस प्रमाणापेक्षा पातळ. हे प्रमाण कोणाचे? यंत्र बनवणारी कंपनी काही निरोगी लोकांची मापे घेऊन ते ठरवते. आपल्या देशात सर्रास वापरल्या गेलेल्या एका नामांकित यंत्राच्या अशा संग्रहात २८४ माणसे होती, आणि त्यांत भारतीय होते सुमारे एक टक्का. म्हणजे जेमतेम तीन माणसांनी एकशे चाळीस कोटींची जामिनकी घेतलेली! जास्त उणे नंबरचा चष्मा असणाऱ्यांचे डोळे लांबट असतात. त्यांना काचबिंदू नसतानाही यंत्र लाल खूण करते. डॉक्टरांनी याला गमतीने ‘लाल रोग’ असे नाव ठेवले आहे. उलट, कागदावर सगळे हिरवे असून आजार असणारेही असतात. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००६ साली निरोगी भारतीय डोळ्यांची मापे घेऊन प्रसिद्ध केली. असे काम सगळ्या प्रांतांत, सगळ्या वयांत, मोठ्या प्रमाणावर व्हायला हवे. ते खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे.

संगणकाला शिकवून ठेवले की हा प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. २०१८ साली लंडनचे मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालय आणि डीपमाइंड कंपनी यांनी सुमारे पंधरा हजार ओसीटी चित्रांवर संगणकाला शिकवले. कोणत्या रुग्णाला तातडीने पाठवायचे, हे तो मुरलेल्या तज्ज्ञांइतके अचूक सांगू लागला. परंतु दुसऱ्या कंपनीच्या यंत्राची चित्रे त्याच्यापुढे ठेवली तेव्हा चुका एकदम वाढल्या. त्या चित्रांवर शिकवणीचा पहिला टप्पा नव्याने दिला, तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली. ही गोष्ट संशोधकांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. म्हणजे संगणकही ज्याच्याशी जुळवायला शिकला, तेवढेच त्याला ओळखता येते. आपले डोळे त्याने पाहिलेच नसतील, तर त्याचा निकाल आपल्यासाठी किती खरा?

तिसरी जुळणी काळाशी. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दृष्टीच्या नसेचे तंतू वयपरत्वे सर्वांचेच थोडे विरळ होतात. काचबिंदूत ते भराभर विरळ होतात. हा वेग एका चित्रात दिसत नाही. त्यासाठी एकाच डोळ्याची काही वर्षांची चित्रे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. खातेदाराची एका दिवसाची शिल्लक पाहून कोणी कर्ज देत नाही, वर्षाचा उतारा मागतो. आपल्याकडे हा उतारा असतो रुग्णाच्या घरी, औषधाच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत, घड्या पडलेला. रुग्ण नव्या डॉक्टरकडे गेला की नवे यंत्र, नवी चाचणी, नवे बिल. एका कंपनीच्या यंत्रावरचे माप दुसऱ्याच्या मापाशी थेट ताडताही येत नाही. बँकांनी कोअर बँकिंग आणले तेव्हा खातेदार शाखेचा न राहता बँकेचा झाला. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला आरोग्य खाते क्रमांक देण्याची सोय आहे. त्या खात्यात डोळ्याचे मूळ चित्र जमा झाले पाहिजे, आणि ते रुग्णाच्या मालकीचे असले पाहिजे. अशा चित्रांवर कंपन्या संगणक घडवत आहेत. ठेव आमची आणि व्याज त्यांचे, असा व्यवहार कुठल्याही बँकेत चालत नाही.

या यंत्राकडून भलत्या अपेक्षा करू नयेत, हेही सांगितले पाहिजे. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवताना आता नळीतून ओसीटी आत नेऊन पाहता येते. २०२३ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच आले. एकीत स्टेंट अधिक चांगला उघडला, पण दोन वर्षांनंतर रुग्णांच्या त्रासात ठळक फरक दिसला नाही. दुसरीत, रक्तवाहिनीला फाटा फुटतो तिथल्या अवघड जागी, मात्र फायदा स्पष्ट दिसला. अधिक दिसले म्हणजे आपोआप अधिक बरे झाले, असे होत नाही. डोळ्यांतही सूज दिसल्यावर इंजेक्शने घ्यावी लागतात, ती अनेकदा घ्यावी लागतात, आणि साखर ताब्यात ठेवावीच लागते. तालुक्याला यंत्र ठेवले आणि इंजेक्शनसाठी दोनशे किलोमीटर पाठवले, तर आपण त्या माणसाला फक्त वाईट बातमी दिली.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण यंत्राची किंमत स्थिर राहिलेली नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲडम वॅक्स यांच्या गटाने सुमारे पाच हजार डॉलरच्या सुट्या भागांतून हलके, उचलून नेता येईल असे यंत्र बनवले आणि २०१९ साली रुग्णांवर तपासल्याचे प्रसिद्ध केले. २०२४ साली तर रुग्णाने घरीच वापरायच्या ओसीटीला तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. म्हातारपणी पडद्याला होणाऱ्या आजाराचा रुग्ण रोज सकाळी घरात चित्र काढतो आणि ते डॉक्टरांकडे जाते. आपल्याकडे ज्या जिल्ह्यात अजून एकही सरकारी यंत्र नसेल, तिथे महागड्या दहा यंत्रांची मागणी करण्यात अर्थ नाही. साधी यंत्रे उपजिल्हा रुग्णालयांत मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागाशेजारी ठेवावीत. साखर तपासायला आलेला माणूस त्याच फेरीत डोळा दाखवून जाईल, त्याचा दुसऱ्या दिवसाचा रोज बुडणार नाही. अरविंदने २००४ पासून गावागावांत दृष्टिकेंद्रे उघडून त्यांना दूरच्या डॉक्टरांशी जोडले; ही वाट मळलेली आहे. बँका खेड्यात जाणार नाहीत, तोट्यात येतील, असेही एकेकाळी मोठमोठे लोक म्हणत होते. बँका गेल्या.

सरकार करील तेव्हा करील. तोवर वाचकांनी करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. घरात कोणाला मधुमेह असेल, तर दिसते आहे म्हणून डोळे ठीक आहेत असे समजू नका. वर्षातून एकदा बुबुळे मोठी करून पडदा दाखवा, आणि डॉक्टरांनी सांगितले तर ओसीटी काढा. आईवडिलांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर स्वतःची तपासणी करून घ्या. कागदावर लाल दिसले म्हणून घाबरू नका, हिरवे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांना विचारा, की मागच्या वर्षाशी ताडले का? त्यासाठी मागच्या वर्षीचा कागद जपून ठेवा. पासबुकाशेजारी ठेवलात तरी चालेल.